हातमोज्यांतली चोवीस बोटे

प्रति,
मा. मामलेदार साहेब,
मामलेदार कचेरी, जुन्नर, जि. पुणे

विषय : रिव्हॉल्व्हर-शिक्षण वर्गाच्या हातमोज्यांबाबत अर्जदारावर ठेवलेला दोष काढून टाकण्याविषयी.

संदर्भ : अर्जदारास वर्गातून कमी केल्याचा वर्गप्रमुखांचा दि. ४ मार्च १९५७ चा हुकूम.

महोदय,

१. वर्गाच्या पेटीत बकऱ्याच्या कातड्याचे हातमोजे बारा जोड, म्हणजे चोवीस नग आहेत. अंगठा धरून प्रत्येकाला चार बोटे आहेत. एकूण शहाण्णव. माणसांच्या हातांसाठी एकशे वीस हवीत. जी चोवीस नाहीत त्या सर्व तर्जन्या आहेत.

२. अर्जदार बी. एस्सी. आहे. विज्ञान शिकलेला म्हणून हातमोजे निवडण्याचे काम वर्गप्रमुखांनी त्याला दिले. बार उडताना गोळ्यांची फिरती चकती आणि नळी यांमधल्या फटीतून बाजूला झळ फेकली जाते. मनगट हलू नये म्हणून नवशिका माणूस डावा हात खालून लावतो, आणि त्याची तर्जनी नेमकी त्या फटीपाशी येते. अर्जदाराने कापड, म्हशीचे कातडे आणि बकऱ्याचे कातडे फटीपाशी बांधून प्रत्येकी सहा बार काढले. कापड दुसऱ्याच बाराला जळाले. म्हशीच्या कातड्यात बोट वाकेना. बकऱ्याचे काळे पडले, पण फाटले नाही. पुण्याहून आणलेल्या हातमोज्याच्या नमुन्यात दोष एकच होता : तर्जनीचे टोक लांब असल्याने ते चापात अडके.

३. मोटा शिवणारे महाळुंगे पडवळचे गेणभाऊ हे हातमोजे शिवणार होते. अर्जदार 'पाऊण इंच आखूड' असे लिहू लागला तेव्हा वर्गाचा सामानप्रमुख नवाब तांबोळी, जो अर्जदाराचा पाचवीपासूनचा मित्र, त्यानेच हात धरला : "अरे राव, गेणभाऊला इंच कुठं कळतोय? त्याची समदी मोट बोटावर चालती. बोट लिही, बोट." मोटेचे कातडे बोटाच्या रुंदीने मोजतात हे अर्जदारासही ठाऊक होते. त्याने लिहिले : 'दोन्ही हातांच्या तर्जनीचे एक बोट कमी करावे.'

४. नवाबने ती चिठ्ठी गेणभाऊंकडे नेली नाही. ती त्याने आपल्या मेहुण्याला दिली. मेहुणा शिंपी, टेपेवर काम करणारा. नमुना नवाबच्या घरीच राहिला. शिंप्याने बोट म्हणजे बोटच समजून तर्जनीच्या जागी भोक ठेवले आणि कड दुमडून सुबक टीप मारली. दि. १६ फेब्रुवारीस पेटी आली. हे वाटू नयेत, असे अर्जदाराने नवाबला सांगितले. तो म्हणाला, "तू जा पुण्याला निवांत. मी धाडतो माघारी." अर्जदार नोकरीच्या मुलाखतीस गेला. दि. १८ रोजी हातमोजे वाटले गेले आणि तिसऱ्या बाराला डिंगोऱ्याचे शेतकरी भिमाजी यांची डावी तर्जनी भाजून फाटली.

५. चौकशीत नवाबने चिठ्ठी पुढे ठेवली. "अक्षर जलालचं हाय. बघा तुमीच," एवढेच तो बोलला. अक्षर अर्जदाराचेच आहे. बोट लिही असे कोणी सांगितले, हे अर्जदाराने तिथेच त्याला विचारले. त्याने चिठ्ठी वर्गप्रमुखांपुढे आणखी सरकवली. शिंप्याला शब्द कळला नाही, हे समजू शकते. नवाबला तो कळत होता.

६. अर्जदार दि. ६ एप्रिल रोजी डिंगोऱ्यास गेला. भिमाजींच्या पत्नी धोंडाबाई दारातच म्हणाल्या, "शिकल्याला मानूस ना तू? मग बोट कापा म्हनून लिव्हलं कसं?" अर्जदाराने खुलासा केला. त्या म्हणाल्या, "नवाबभाऊ दोनदा येऊन गेला. डाळिंबं आनली व्हती त्यानं. तू आज येतूयास." भिमाजींनी मात्र हात पुढे केला. "मोज," ते म्हणाले. "तुला मोजायचंच येतंय."

७. वर्गात परत घ्यावे अशी मागणी नाही. गेणभाऊंना कचेरीत बोलावून ती चिठ्ठी त्यांना वाचून दाखवावी आणि त्यांनी किती कातडे कापले असते ते त्यांच्याच हाताने दाखवू द्यावे. त्या वेळी नवाब समोर असावा, आणि भिमाजीही. 'अर्जदाराने बोट काढण्यास लिहिले' हे वाक्य त्यानंतर चौकशीच्या कागदात ठेवायचे की नाही, ते आपण ठरवावे.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा, नम्र अर्जदार,
जलाल पीरमहंमद मणियार
जुन्नर, दि. ८ एप्रिल १९५७

सोबत :
१. चिठ्ठीची नक्कल.
२. हातमोज्यांच्या तीन प्रकारच्या मालाच्या चाचणीचा तक्ता.
३. भिमाजी यांच्या डाव्या हाताचे माप, दि. ६ एप्रिल. मूठ पूर्ण मिटल्यावर तर्जनीचे टोक तळहातापासून दोन इंच तीन सूत.