मुठीजवळचा कोपरा

मी, मोरिवाकी तेत्सुओ, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा सुऱ्या-कात्र्यांना धार लावणे, राहणार कामिसावा, वरची बाजारपेठ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शाईने लिहीत आहे. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगितले आहे. नवे वर्ष दिसेलच असे नाही. डोके ठिकाणावर आहे. हात थोडा कापतो, म्हणून अक्षर वाकडे येईल, त्यावरून कोणी वेगळा अर्थ काढू नये. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालायला घरात कोणी उरलेलेही नाही.

कलम १. राहते घर, पुढचे दुकान आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती मुलगी चिझुरु हिला मिळावी. माळ्यावरचे छप्पर गळते. तिला ते ठाऊक आहे, खालची बादली तिनेच ठेवली आहे.

कलम २. धारेचे अकरा दगड आहेत. दहा दगड गावातल्या सुतारकामाच्या शाळेला द्यावेत. अकरावा, पिवळसर आणि अगदी बारीक कणांचा, माझ्या वडिलांचा आहे. तो कोणालाही देऊ नये. पुलावरून नदीत टाकावा.

कलम ३. शेजारचे तांदळाची दारू विकणारे कुनिमात्सु यांनी वीस वर्षांपूर्वी नेलेली शिडी आता मागू नये. मात्र माझ्या अंत्यविधीत त्यांना भाषण करू देऊ नये. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, तेव्हा एवढे एक कलम त्यांना वाचून दाखवले आहे.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. चौदा वर्षांपूर्वी मतदारयादीतून माझे नाव निघाले आणि ओनुकी हारुताका याच्या खटल्यात आम्ही सहा साधी माणसे तीन न्यायाधीशांच्या शेजारी बसलो. बंद खोलीत कोण काय बोलले, कोणी कोणते मत दिले, हे मरेपर्यंत बाहेर सांगायचे नाही; सांगितले तर तुरुंग. माझी बायको फुसाए तेव्हा म्हणाली, "अहो, जन्मभर तोंड उघडलं नाहीत, आता तर सरकारनंच कुलूप घातलं. मजा आहे तुमची." चिझुरुने एकदाच विचारले, "बाबा, तुम्ही काय म्हणालात तिथे?" मी भाताचा वाडगा पुढे केला. तिने पुन्हा विचारले नाही आणि त्यानंतर माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. हे वाचले जाईल तेव्हा मला तुरुंगात टाकता येणार नाही, म्हणून सांगतो. मी फाशीच्या बाजूने मत दिले. निकाल पाच विरुद्ध चार असा झाला.

कलम ५. ओनुकीने लोणच्याच्या कारखान्यात आपल्या मालकाला आणि मालकिणीला सुरीने मारले. त्याने ते कबूल केले होते आणि ते खरेच आहे. वाद एवढाच होता की भांडणात त्याचे डोके फिरले, की तो ठरवून आला होता. सुरीला ताजी धार होती. तो म्हणत होता, आईकडून आणली तेव्हाच अशी होती. आई लाजेने कोर्टात आली नाही, तिला कोणी विचारलेही नाही. खोलीत शाळेत शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "धार काय, कोणाच्याही सुरीला असते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण मी धारवाला. तीन दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा बोललो. सुरीचा फोटो हातात घेऊन म्हणालो, "ही धार मुळा चिरायची नाही. बारीक दगडावर तासभर घासल्याशिवाय अशी येत नाही. भाजीच्या सुरीवर एवढी मेहनत कोण घेतो? ज्याच्या मनात काही आहे तोच."

संध्याकाळी पाचवा हात त्या बाईंचा वर झाला. ओनुकीने पुढे अपीलही मागे घेतले.

भाजीच्या सुरीवर एवढी मेहनत मी घेतो. पन्नास वर्षे घेत आलो आहे, त्याच पिवळ्या दगडावर.

कलम ६. खटल्याच्या पुढच्या वर्षी फुसाए गेली. गिऱ्हाईक तीच बघायची, मी आत पाठमोरा बसून घासायचो, कोणती सुरी कोणाची हे मला कधी ठाऊक नसे. ती गेल्यावर मी पुढे बसू लागलो. त्या डिसेंबरात एक बाई आल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन सुऱ्या त्यांनी माझ्यासमोर सोडल्या.

"चार होत्या," त्या म्हणाल्या. "एक पोलिसांकडे आहे."

मी पावतीपुस्तक पुढे ओढले.

"वर्ष संपायला आलं की चारही तुमच्या घरच्या बाईंकडे टाकायची. त्या वर्षी धार लावून घरी नेऊन ठेवल्या नि मुलगा म्हणाला, आई, कारखान्यातल्या सगळ्या बोथट आहेत, एक नेतो. मीच दिली हो. फार छान धार लावता तुम्ही."

नाव विचारायची गरज नव्हती, तरी पावतीसाठी विचारले. "ओनुकी," त्या म्हणाल्या आणि मान खाली घातली. आम्हा सहाजणांची नावे छापत नाहीत, त्यामुळे मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते.

मला एक सवय आहे. धार झाली की मुठीजवळचा पात्याचा कोपरा मी घासून गोल करतो, म्हणजे चिरताना बायकांची बोटे कापत नाहीत. या गावात दुसरे कोणी हे करत नाही. त्या तिन्ही सुऱ्यांचे कोपरे गोल होते. कोर्टातल्या फोटोतही कोपरा गोल होता. तो फोटो मी हातात धरला होता. माणूस मारायला निघालेला कोणी आपले बोट कापू नये म्हणून कोपरा घासत बसत नाही.

मी म्हणालो, "परवा या." त्या परवा आल्या, आणि तेव्हापासून दर डिसेंबरात येतात. दरवर्षी मी तिन्ही सुऱ्यांना धार लावून देतो.

तुरुंगाच्या भीतीने गप्प बसलो असे लिहिले तर ती लबाडी होईल. सुरीला धार मी लावली, एवढे सांगायला कोणताही कायदा आड येत नव्हता. पन्नास वर्षे धार लावणाऱ्या कारागिराला स्वतःचा हात ओळखता आला नाही, हे गावाला कळेल, याची मला लाज वाटत होती. शिवाय दर पानगळीत ताकुमा नासपतींची पेटी घेऊन येतो. मेलेल्या जोडप्याचा तो मुलगा. त्याने मला कोर्टात पाहिले होते. एकदा मी त्याला म्हणालो, फळे नको आणूस. तो म्हणाला, "काका, तो मेला म्हणून मला सुख होणार नाही. पण तो सकाळी उठून गरम चहा पितो ना, ते सहन होत नाही. राहू द्या पेटी." मी पेटी ठेवून घेतली.

फाशी नसावी असे मी आजही म्हणत नाही. ठरवून दोन म्हाताऱ्या माणसांना मारणाऱ्याला मी आजही तीच शिक्षा देईन. पण ती देणाऱ्याला आपल्या हातातला फोटो तरी दिसला पाहिजे. मला दिसला नाही, आणि दिसला तेव्हा मी दुकान उघडे ठेवून बसलो.

कलम ७. फुसाएच्या तसबिरीमागे एक पाकीट आहे. सुरी, दगड आणि कोपरा यांबद्दलचा माझा जबाब त्यात आहे. माझ्या मृत्यूनंतर, अंत्यविधीची वाट न पाहता, चिझुरुने ते ओनुकीचे वकील काजितानी यांना द्यावे. फाशीचा दिवस आधी कोणालाच कळत नाही, कैद्यालासुद्धा त्याच सकाळी सांगतात. म्हणून उशीर करू नये.

घरी लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी माणसासमोर सही करावीशी वाटली.

मोरिवाकी तेत्सुओ (शिक्का)
साक्षीदार: कुनिमात्सु जिन्पेई
कामिसावा, रेइवा नववे वर्ष (२०२७), १० नोव्हेंबर

दुरुस्ती

आज सकाळी अकराच्या बातम्यांत दोघांना फाशी दिल्याचे सांगितले. दुसरे नाव ओनुकी हारुताका. मी तेव्हा न्याहारीचा वाडगा धूत होतो. आधी मी जाईन, असे धरून मी इतकी वर्षे बसलो होतो.

खाडाखोड नियमाने नोंदवावी लागते, ती अशी. कलम ७ मध्ये 'माझ्या मृत्यूनंतर' हे शब्द खोडले, त्या जागी 'उद्या सकाळी' असे वाचावे. 'चिझुरुने' खोडले, त्या जागी 'मी स्वतः'. 'ओनुकीचे वकील काजितानी यांना' खोडले, त्या जागी 'ओनुकीच्या आईला'. एकूण सात शब्द खोडले, सहा घातले. बाकीचा मजकूर तसाच.

मोरिवाकी तेत्सुओ (शिक्का)
साक्षीदार: कुनिमात्सु जिन्पेई
कामिसावा, रेइवा नववे वर्ष, २ डिसेंबर