सांगाड्याचे जोड

दसऱ्यानंतरचा शुक्रवार, रहाटणी

आज दादाच्या डोक्यात पाना घातला मी. सख्ख्या भावाच्या!

शेडमध्ये शिरलो तर हा बाबा हातोड्याने माझी रेसची गाडी ठोकतोय. गाडी उलटली तर डोकं वाचवणारा तो पाइपांचा सांगाडाच! एक जोड तुटून लोंबत होता. दोन वर्षांची मेहनत, आणि परवा शर्यत. पाना हातात कधी आला? रक्त पार त्याच्या कंपनीच्या शर्टावर. त्याच्या हातोड्यावर मात्र पूजेचं कुंकू तसंच.

खाली बसत एवढंच म्हणाला, "जोड बघ, गाढवा."

बघितला. नुसत्या एका ठिपक्यावर टॅक केलेला, पूर्ण वेल्ड मारलंच नव्हतं. खंडेनवमीला वेल्डिंग मशीन पूजेला मांडायचं म्हणून काम अर्धं सोडलं होतं, आणि नंतर मीच घाईत वरून रंग फासला. दादा महाळुंग्याला वेल्डर. त्याला दिसलं, मला नाही.

पाच टाके पडले त्याला. मी शेडमध्ये परत येऊन तोच कुंकवाचा हातोडा घेतला आणि उरलेले जोड जीव खाऊन ठोकले.

आत्ता दवाखान्यातून त्याचा फोन. शिवी नाही, काही नाही.

"अजून किती तुटले?"

"तीन."

तेव्हा कुठे त्याने ठेवणीतली शिवी हासडली.