पंचचुलीचा फोटो मिळाला

रायपूर, १९ नोव्हेंबर

अहो,

आज सकाळी गाडीतून उतरले. भनपुरीला घरी आले, कुलूप उघडलं, कपडे भिजत घातले, वरण-भात खाल्ला. मग वाटलं, हे आधी तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही गेल्याला दीड वर्ष झालं, मी कधी पत्र लिहिलं नाही. आज लिहिते, कारण हिमालयातल्या त्या पंचचुली शिखरांचा फोटो मिळाला!

हो, मीच काढला. तुमच्याच कॅमेऱ्याने, एकटीने, पाठीवर सॅक आणि तंबू घेऊन.

तुम्ही तीनदा गेलात आणि तीनदा ढगांचे फोटो घेऊन आलात. मी किती हसायची! "ढगच पाहाचे होते तं गच्चीवर जायचं ना, एवढ्या दूर मुनस्यारीले कायले गेले?" तुम्ही बूट पुसत बसायचात.

मुनस्यारीला जाते म्हणून संजूला सांगितलं, तर तो नव्या रायपुरातल्या ऑफिसातून धावत आला.

"मम्मी, अकेली? इस उमर में? ऊपर से दमा!"

"हव. तुहा बाप जात होता तेव्हा तं काही बोलला नाही. मलेच काहून अडवून राहिला?"

"पापा की बात अलग थी."

काय वेगळी होती? मी सॅक भरायला घेतली.

मुनस्यारीपासून वरच्या कुरणापर्यंत नुसती चढण. शंभर पावलं चालायची, थांबायचं. "तू मागे राहशील" म्हणून तुम्ही मला कधी नेलं नाहीत. अहो, एकटं माणूस मागे राहणार तरी कोणाच्या?

रात्री कॅमेऱ्याची बॅटरी पायमोज्यात घालून पोटाशी धरून झोपले. तुमचे मोजे धुताना बॅटऱ्या निघायच्या, तेव्हा मी केवढी ओरडायची! थंडीत बॅटरी बसते, हे वर गेल्यावर कळलं.

सकाळी तंबूची चेन उघडली आणि समोर पाचही शिखरं. एक ढग नाही! म्हणे द्रौपदीने पांडवांसाठी शेवटचा स्वयंपाक तिथे केला, म्हणून पाच चुली. तिथेही बाईच चुलीपाशी! एकटीच मोठ्याने हसले. पहिल्या फोटोत बोट आलं, दुसरा तिरपा आला. तिसरा चांगला आहे, खरंच.

खाली तंबू परत द्यायला गेले. भाड्याने तंबू देणाऱ्या भैयाने कॅमेरा ओळखला. "ये तो रायपुर वाले साहब का है!" तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्याने माझ्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाला, "हर बार कहता था, मई में धुंध रहती है, नवंबर में आइए. बोलते थे, ठंड में पत्नी की साँस उखड़ती है, छोड़कर कैसे आऊँ."

अहो! मला तर सांगायचात, "मे महिन्यात रायपुरात राहवत नाही." थंडीत सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून काळी धूळ येते, माझा दम वाढतो, हे खरं. पण त्यापायी तुम्ही तीनदा ढग पाहून आलात? एक शब्द बोलला असतात तर मीही आले नसते का सोबत? वर तीन दिवसांत दम्याचा पंप एकदाही लागला नाही!

राग आला तुमचा. खूप बरंही वाटलं. भैयाने दिलेला चहा तसाच निवून गेला.

आता दर नोव्हेंबरला जाणार. संजूला विचारणार नाही, फक्त गाडीची वेळ सांगेन. आणि तुमच्या ढगांच्या फोटोंना पुन्हा हसणार नाही. कबूल.

टाचांना फोड आलेत. गॅसवर ठेवलेलं पाणी कोमट झालं असेल. त्यात मीठ टाकते आणि पाय बुडवून बसते.

तुमची,
विमल