जाळं दिसलं की वल्हं वर

सावली, शनिवार

प्रिय मोनाली,

आधी अभिनंदन घे. लग्न ठरलं म्हणे तुझं. रोइंग अकादमीतल्या आदेश सरांना तू कळवलंस, मला नाही, पण मी मोठ्या मनाची आहे, म्हणून अभिनंदन करते. मुलगा काय करतो गं? आलापल्लीच्या लाकूड डेपोत आहे की फॉरेस्टात? उंच आहे का? तुझ्यापुढं उंच दिसायचं म्हणजे बिचाऱ्याला टाचा वर करून उभं राहावं लागेल. फोटो मागितला असता, पण तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलास, तेव्हा फोटो येणार कुठून? म्हणून हे पत्र. अहेरीच्या गाडीवरचे विनोदभाऊ कंडक्टर हे तुझ्या रंजीता मावशीच्या हातात देतील आणि मावशी तुझ्या हातात. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

इकडची बातमी अशी की मी गावात फार मोठी झाले आहे. आपल्या पुढारी सुनिलभाऊनं चौकात फ्लेक्स लावला आहे, "गावची कन्या निघाली अमेरिकेला", आणि खाली माझा हसरा फोटो. फोटो आपल्या दोघींचा होता, राज्य स्पर्धेत पदक घेतानाचा. त्यातून तुला कापून टाकलं आहे, पण नीट कापता आलं नाही म्हणून तुझा खांदा राहिला आहे आणि माझ्या गळ्यात पडलेला तुझा हात. लोक विचारतात, हा हात कोणाचा? रोज त्या चौकातून जाताना मान खाली घालून जाते, आणि लोकांना वाटतं पोरगी किती विनयशील आहे.

सोमवारी अमेरिकेतल्या दोन्ही युनिव्हर्सिट्यांना उत्तर द्यायचं आहे. तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतेस. दक्षिणेतली ती मोठी युनिव्हर्सिटी, जिथं बारा महिने ऊन असतं आणि मुलींच्या बोटी दर वर्षी पदकं आणतात, तिला एकटी मी हवी आहे. राहणं, शिकणं, खाणं, सगळं त्यांचं. उत्तरेतली ती लहान, नदीकाठची, तिला आपण दोघी हव्यात. सगळं तेही देतात, पण जोडीला. तिथल्या कोच बाई दोन मुलींच्या बोटीची टीम नव्यानं बांधत आहेत, एक आली नाही तर दुसरीची जागा राहत नाही. तिथली नदी हिवाळ्यात गोठते. हे ऐकल्यापासून माझ्या आईला एकच चिंता, "नदी गोठते तं मंग मासोऱ्या कुठी जातात वं?" बाबा म्हणाले, "बरफाखालून पानी राहतेच ना." तुझ्या उमाजीकाकांचं बोलणं एवढंच, तुला माहीत आहे.

बाकी सगळे मात्र बोलतात. आदेश सर दिवसाआड फोन करून सांगतात की मोठी सोडून लहान घेणारा वेडाच असतो. ग्रामपंचायतीत, किराणा दुकानात, बसथांब्यावर, जिथं जावं तिथं मला त्या मोठ्या युनिव्हर्सिटीत पोचवून टाकलेलं असतं. आणि तुझं लग्न ठरल्यापासून तर त्यांचं कामच सोपं झालं. मोनाली येणार नाही, म्हणजे लहान युनिव्हर्सिटी आपोआप गेली, म्हणजे विचार करायचा प्रश्नच उरला नाही. किती मोक्यावर लग्न जमवलंस गं! उत्तर द्यायची तारीख जवळ आली आणि नवरदेव हजर.

आता ऐक. काल सावलीच्या बाजारात तुझी आई भेटली. गुणाबाई सुकट झिंगे घेऊन बसली होती. मी सरळ विचारलं, काकू, हळद कधी आहे? ती म्हणाली, "कोनाची हळद वं?" मी म्हटलं, मोनालीची. हातातलं माप तसंच राहिलं तिच्या. "मोनालीची? मले तं कोनी सांगतलंच नाई! ते तं मावशीकडे तेंदूपत्ता तोडाले गेली म्हनून सांगून गेली." मग आधी ती हसली, आणि मग एकदम घाबरली. "पोरगी कोनासंगं पळून तं नाई ना गेली?" मी तिला समजावलं की नाही हो, माझीच ऐकण्यात चूक झाली. तुझ्या खोट्यावर पांघरूण घालायला मला बाजारात उभं राहून खोटं बोलावं लागलं. वर तिनं मला ओंजळभर झिंगे फुकट दिले. ते खाताना मला इतका राग आला होता की दाताखाली खडा आला असता तरी कळलं नसतं.

रात्रभर मनात तुला शिव्या घातल्या. मग आपली ती शर्यत आठवली आणि राग कुठं ठेवावा ते कळेना.

आपल्या गावच्या जुन्या मालगुजारी तलावावर वल्हं धरायला शिकलो तेव्हा पहिली गोष्ट कोणती शिकलो? पोहणं नाही, डोंगा वळवणंही नाही. पाण्यावर ओळीनं बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली कुणाचं तरी जाळं आहे, वल्हं पाण्याबाहेर काढायचं आणि डोंगा नुसता सरकू द्यायचा. जाळं सख्ख्याचं असो की भांडलेल्याचं. झाडूकाकाशी माझ्या बाबांचं तीन पावसाळे बोलणं नव्हतं, पण त्याच्या जाळ्यावर बाबांचं वल्हं कधी पडलं नाही. पुढं अकादमीत गेलो, उलटं बसून बोट मारायला शिकलो. तेव्हा बाबा म्हणाले होते, "असं पाठमोरं जाऊन कुठी पोचसान वं पोरीहो?" आपण किती हसलो होतो! दोघींची तोंडं मागं, पण माझ्या पाठीशी तू बसायचीस आणि मान वळवून पुढचं बघायचीस तू. मी इतक्या वर्षांत पाण्यात पुढं पाहिलेलंच नाही. मला फक्त तुझा श्वास ऐकू यायचा.

आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत, शेवटच्या टप्प्यात, आपण पुढं असताना वाऱ्यानं लेन आखणारी एक दोरी सुटून आडवी आली, तिच्यावर ओळीनं तरंगते गोळे. बाकीच्या बोटी तशाच वरून गेल्या. तू म्हणालीस, "जाळं!" आणि आपली चारही वल्ही एका क्षणात वर. मी पाहिलंसुद्धा नव्हतं. बोट सरकत गेली, आणि तेवढ्यात दुसऱ्या बोटी सरकून पुढं गेल्या. चौथ्या आलो. सर किती ओरडले, "अगं ती दोरी होती, दोरी!" तू काठावर उकिडवी बसून म्हणालीस, "मले बाटल्याच दिसल्या ना सर." सगळा कॅम्प हसला. आपण दोघी एका टॉवेलात तोंड घालून रडलो, आणि रडता रडता हसूही येत होतं.

ती चित्रफीत दोन्ही कोचांनी पाहिली. मोठ्या युनिव्हर्सिटीचे कोच म्हणाले, हा दोष आहे, आम्ही तो काढून टाकू, काळजी करू नका. वल्हवायच्या मशीनवर माझे आकडे तुझ्यापेक्षा बरे होते म्हणून त्यांनी मला उचललं. नदीकाठच्या बाईंनी मात्र विचारलं, वल्ही का उचलली? होस्टेलच्या खोलीत एका फोनसमोर आपण दोघी डोकं चिकटवून बसलो होतो. तू घाम पुसत म्हणालीस, "नेट मॅडम. पुअर मॅन नेट." मग त्यांनी मला विचारलं, तुला दिसलं होतं का? मी म्हटलं, नो. मग तू का उचललंस? मी म्हटलं, शी सेड. बाई बराच वेळ आपल्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं नेट गेलं.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगते. तू लग्नाची थाप मारून निघून गेलीस, त्यानंतर मोठ्या युनिव्हर्सिटीनं माझी एकटीच्या बोटीतली चित्रफीत मागितली. अकादमीच्या धरणावर सरांनी ती काढली. मी जीव तोडून मारत होते, मान वळवायची सवय मला नाही, आणि मागून कुणी काही सांगणारं नव्हतं. मध्येच उजव्या वल्ह्याला हिसका बसला. मी अजून जोर लावला आणि पुढं गेले. वेळ माझी आजवरची सगळ्यात चांगली. काठाला येऊन पाहते तर वल्ह्याला जाळ्याची चिंधी लोंबते आहे, आणि पलीकडं एक म्हातारा कोळी डोंग्यात उभा राहून बघतो आहे. ओरडलासुद्धा नाही गं तो. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी चालत वळसा घालून त्याच्याकडं गेले. त्याच्या सुईनं, त्याच्याच दोऱ्यानं, अंधार पडेपर्यंत बसून जाळं विणलं. तो एकदाच बोलला. "कोळ्याची पोर दिसतेस," म्हणाला. मी मान हलवली. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

त्या चित्रफितीवर मोठ्या कोचांचं उत्तर आलं, फार छान, आता तू अडखळत नाहीस. सरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी संडासात जाऊन रडले.

त्यांची चूक नाही, मोनाली. त्यांना दोरी आणि जाळं यातला फरक कशाला कळेल? तिथं गेले तर मी जिंकेन, मला माहीत आहे. तुझ्याशिवाय मला बोट मारता येत नाही असंही नाही, येते, आणि जोरात येते. पण ती बोट मारणारी मला आवडली नाही. एवढंच आहे. याला तू त्याग वगैरे म्हणू नकोस, त्याग तुझ्याकडे भरपूर शिल्लक आहे, तुझा तू वापर.

आणि तुझा डाव मला आता पूर्ण कळला आहे. आचल मोनालीसाठी मोठी जागा सोडेल, मग जन्मभर हिशेब राहील, त्यापेक्षा मोनालीनंच बाजूला व्हावं. मला विचारलंस? एक शब्द तरी? शेवटच्या फोनवर म्हणालीस, "तू जाय, मले नाई जमत इंग्लिश-फिंग्लिश." पुअर मॅन नेट म्हणून ज्या पोरीनं दोन जागा मिळवल्या, तिला इंग्रजी जमत नाही म्हणे! तू तुझ्या वाटेत माझं जाळं पाहिलंस आणि गुपचूप वल्हं उचललंस. सवयच ती, दुसरं काय.

सकाळी बाबांबरोबर तलावावर गेले होते. पलीकडच्या बांधावर वाघीण पिलं घेऊन फिरते आहे, म्हणून सध्या ऊन पडल्याशिवाय आणि जोडीशिवाय कुणी जात नाही. बाबांनी डोंगा लोटला, मला पुढं, तोंड समोर करून बसवलं आणि स्वतः मागं बसले. डोंगा मध्यावर आल्यावर म्हणाले, "फ्लेक्सवरचा थो हात मोनालीचा व्हय ना?" मी हो म्हटलं. बाबा वल्हं मारत राहिले. मला तेवढं पुरे झालं.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. तलावावरून घरी आले आणि मोठ्या युनिव्हर्सिटीला नाही कळवून टाकलं. त्यांचं उत्तरही आलं, शुभेच्छा म्हणून. ती जागा गेली. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, सरांना नाही, सुनिलभाऊला तर नाहीच, फ्लेक्स तिकडं चौकात फडफडतो आहे. म्हणजे आता माझ्याकडं एकच जागा आहे, आणि ती तू सोमवारी हो म्हटलंस तरच आहे. तुला हे जबरदस्ती वाटेल. वाटू दे. खरंच यायचं नसेल तर नंबर चालू कर आणि मला तोंडावर सांग, मी एका शब्दानं भांडणार नाही, इथंच राहीन, बाबांबरोबर मासे धरीन. पण माझ्यासाठी म्हणून नाही म्हणू नकोस, माझ्यासाठी आता सोडण्यासारखं काही उरलेलंच नाही. त्या दिवशी तू "जाळं" म्हणालीस आणि मी न बघता वल्हं उचललं. आज पुढं तोंड करून मी बसले आहे, मला दिसतं आहे, आणि मी सांगते आहे, तू फक्त ऐक. जाळं नाई वं, मोना. वल्हं मार.

तुझ्या एका शब्दावर थांबलेली,
तुझीच,
आचल