फौजदार आणि घर, दोन्ही सुश्रुतला

मी, श्रीमती सुमती सुधीर टिपणीस, वय वर्षे एकाहत्तर, राहणार कोलशेत, ठाणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; दबाव टाकायला माझ्या घरात कोणी येऊच शकत नाही. माझ्या शुद्धीचा दाखला डॉ. सिद्धेश यांनी दिला आहे. त्यांनी माझी नाडी दाराच्या ग्रिलमधून पाहिली, कारण आत फौजदार होता.

१. फौजदार म्हणजे आमचा कुत्रा, बेल्जियन मॅलिनॉइस. माझे पती कै. सुधीर यांनी निवृत्तीनंतर त्याला रक्षणाच्या खेळासाठी तयार केलं. या खेळात एक माणूस हातावर तागाची जाड बाही चढवून अंगावर येतो. कुत्र्याने फक्त ती बाही धरायची आणि मालकाने ‘सोड’ म्हणताच सोडायची. क्लबमध्ये हा बाहीवाला बदलत ठेवतात, म्हणजे एकच माणूस कुत्र्याच्या डोक्यात बसत नाही. पण “घरात धडधाकट मुलगा असताना बाहेरचा कशाला?” असं म्हणून यांनी आमच्या सुश्रुतला उभं केलं. खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटवर, वर्षानुवर्षं, दर रविवारी. मी तोंड उघडलं की म्हणायचे, “तू मध्ये बोलू नकोस, कुत्रा गोंधळतो.” त्यामुळे फौजदारने ‘सोड’ फक्त यांच्या तोंडून ऐकलं. दोन वर्षांपूर्वी हे गेले. मी पन्नास वेळा ‘सोड’ म्हणून पाहिलं. तो माझ्याकडे नुसता बघतो. याबद्दल मी यांना माफ केलेलं नाही, आणि तसं इथे मुद्दाम नमूद करते.

२. परिणामी माझी कैद; याने कोणाला धरलं तर सोडवणार कोण? दूध फाटकाला, भाजी फाटकाला. भाजी आणणारी शेजारीण जया गेल्या दिवाळीपासून उंबऱ्याच्या आत आलेली नाही. एकदा फौजदारला खोलीत कोंडून सुश्रुतला बोलावलं, तर त्याचा आवाज ऐकून याने दाराचं प्लायवूड फाडलं. मी एका रात्रीपुरती सुश्रुतकडे डोंबिवलीला गेले, तर हा परत येईपर्यंत पाण्यालाही शिवला नाही. गुडघ्याचं ऑपरेशन यापायीच अडलं आहे. मला या घरात गुदमरायला होतं. हे कोणाशी बोलले नव्हते, आता लिहिलं.

३. यांची शिट्टी, लांब पट्टे आणि खेळात बाहीवाला ज्यात लपतो तो कापडी तंबू दिपेश यांना द्यावेत. प्लॉट त्यांचा होता, आणि त्यांनी कधी भाडं तर नाहीच, चहासुद्धा मागितला नाही. परवाच फाटकाशी येऊन म्हणाले, “काकी, याला तिकडे शहापूरला कुणाच्या फार्मवर सोडू काय? तुम्ही मोकल्या व्हाल.” मी नको म्हटलं. अनोळखी जागी हा कोणाला तरी धरेल आणि लोक त्याला काठीने मारतील.

४. माझं शिलाई मशीन आणि दागिने सून आसावरी हिला. “आई, डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन द्या त्याला, किती दिवस असं?” असं तिने मला फोनवर सरळ विचारलं. मला राग आला आणि अजून आहे. पण ती जे बोलते ते तोंडावर बोलते. मशीनला तेल देत राहावं.

५. बँकेत जे शिल्लक असेल ते आणि हे राहतं घर मुलगा सुश्रुत याला, बिनशर्त. तो आत आला तरच घर त्याचं, असं लिहायचं माझ्या मनात होतं. वकिलांनी मसुदाही केला होता. तो मी फाडला. अट घातली तर तो घरासाठी येईल.

६. फौजदार हाही सुश्रुतलाच. हे वाचून तो हादरेल. पण बाकी कोणाला दिला तरी शेवटी इंजेक्शनच आहे. सुश्रुत, तू येतोस तेव्हा रस्त्यावरूनच ती बाही चढवून येतोस. “अगं आई, फाडेल तो मला, हात तरी वाचू दे,” म्हणतोस. अरे, त्या बाहीनेच तो पेटतो. त्याला ती दिसली की खेळ सुरू झाला. तुला वाटतं, तो तुझ्यावर चिडलाय. तुला बिल्डिंगमध्ये राहून दिसत नाही ते मी सांगते. दर रविवारी सकाळी तो फाटकाला नाक लावून बसतो. इतर वारी बसत नाही. दुपार झाली की उठतो आणि माझ्या पलंगाखाली जाऊन पडतो. त्या दिवशी जेवत नाही.

७. अंत्यविधीबाबत. मी घरातच गेले तर फौजदार माझ्याजवळ असेल आणि कोणाला आत येऊ देणार नाही. त्याला भूल देऊ नये, जाळं टाकू नये, पोलिसांना बोलावू नये. सुश्रुतला बोलवावं. सुश्रुत, बाही घरी ठेव. फाटक उघड आणि हात खाली सोडून उभा राहा. समोरचा माणूस स्थिर उभा असेल तर फक्त भुंकायचं, चावायचं नाही, हे तुझ्या बाबांनीच त्याला शिकवलं. यासाठी हुकूम लागत नाही. स्पर्धेत त्याला ढाल मिळाली होती ती याच प्रकारात, आणि तंबूत उभा तू होतास. तो अगदी तुझ्या छातीशी येऊन भुंकेल. भुंकू दे. पळू नकोस. दमला की गप्प बसेल, मग माझ्याकडे ये.

हे सगळं मी जिवंत असतानाही असंच करता येईल. तेव्हा जमल्यास आधी ये.

हे मृत्युपत्र मी फौजदारला फाटकापासून आत घेऊन, घराच्या आत बसून वाचून दाखवलं व सही केली. साक्षीदारांनी ग्रिलबाहेर उभं राहून माझी सही पाहिली, आणि कागद बाहेर दिल्यावर माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

सही: सुमती सुधीर टिपणीस

साक्षीदार:
१. जया कुंडलिक म्हात्रे, शेजारी
२. डॉ. सिद्धेश कर्णिक

स्थळ: कोलशेत, ठाणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार सकाळ