पंपाखालची कोरडी जमीन

ईलिंग, लंडन, मंगळवार, १४ मार्च १९८९

आमच्या मराठी मंडळाचं मासिक उद्या सकाळी प्रेसला जायचं आहे आणि मुखपृष्ठावरचा फोटो काही डोक्यातून जात नाही. मलावीतल्या गावात आपण बसवून दिलेला हातपंप, पाटीवर आपली नावं चकचकीत. पण नळाखाली चिखल नाही. रोज पाणी भरतात तिथे थोडा तरी चिखल होतोच ना?

शेवटी तिथून नुकत्याच परतलेल्या सुलभाला फोन केला. “आतला रबराचा वायसर गेलाय गं. बदलायला गावात कुणाला शिकवलंच नाही आपण. बायका परत नदीचं पाणी आणतात, मुलं आजारी पडतात.”

अध्यक्ष जोशीकाकांना सांगितलं, तर म्हणाले, “अगं, या अंकात दुसऱ्या पंपाचं अपील आहे! आणि वायसरवर देणगीदारांची नावं कुठे घालणार?” स्वतःच हसले.

खरं छापलं आणि लोकांनी हात आखडता घेतला तर? नाही छापलं तर दुसराही पंप असाच...

अपील नव्याने लिहिलं. नवा पंप नको. गावातल्या बायकांना दुरुस्ती शिकवू, सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतील असं बघू. फोटो तोच ठेवला. खाली ओळ टाकली: ‘इथे चिखल का नाही?’

काकांना अजून सांगितलेलं नाही.