जाळीच्या दाराला कडी नाही

प्रिय व्हर्ना,

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. ससा छान आहे, त्याखालचं लिहिणं मात्र पटलं नाही. 'या डेकोरेशनलाही माझी वाट पाहू नका, ऑपरेशनपासून माझा आवाज तळ्यातल्या थोराड बेडकासारखा झालाय, आईच्या कबरीपाशी माझी जुनी रेकॉर्ड लावा.' गावच्या मंडळींनी लाउडस्पीकर ठरवलाही, आणि रेकॉर्ड आणायचं काम माझ्या गळ्यात घातलं, कारण या डोंगरात रेकॉर्ड म्हटली की लोवेल टॅकेट. मी अजून हो म्हटलेलं नाही. मेच्या शेवटच्या रविवारी डेकोरेशनला कबरी झाडून, फुलं वाहून झाली की टेकडीवर तूच गायचं, आणि तेही आत्ता आहे त्या गळ्याने. आधी ऐकून घे, मग हव्या तेवढ्या शिव्या दे.

गावात फारसं नवीन काही नाही. ओपलचं हॉटेल चालू आहे, फक्त ओपल हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. परवा तिने काय विचारलं ते कळलं नाही, मी आपला 'हो' म्हणालो आणि ताटात कलेजी आली. ओढ्यातली चिमुकली बेडकं या वसंतात का कोण जाणे गप्प आहेत.

तुझं 'जाळीच्या दाराला कडी नाही' हे गाणं मी पहिल्यांदा वाजवलं ते ओपलच्याच ज्यूकबॉक्सवर. माझा धंदा तो काय, एक खटारा पिकअप आणि हॉटेलाहॉटेलांत ठेवलेल्या, नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणाऱ्या जुन्या पेट्या. शाळा अर्धवट सुटलेली, पण कुठल्या ओळीला लोकांचे काटे-चमचे थांबतात ते मला कोपऱ्यात बसून ऐकू यायचं. तू 'कडी नाही' म्हणताना आवाज वर, पार छपराला नेलास आणि सगळं हॉटेल थांबलं. कोळशाचा ट्रकवाला ओरडला, "लोवेल, त्या बाईला सांग की, दार सताड ठेवलं तर माश्या येतील." असं म्हणाला आणि पुन्हा तेच गाणं लावलं. तुझे वडील डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यात गेले ते गेलेच, आणि तुझ्या आईने जाळीच्या दाराला शेवटपर्यंत कडी लावली नाही, हे त्याला कुठे ठाऊक होतं? रेकॉर्ड काढायची म्हटल्यावर तुझी आई शेंगा निवडता निवडता म्हणाली होती, "आपल्या दाराची कडी जगाला कशाला सांगायची?"

आता बघ, कुठल्या कुठल्या जगाला कळली, तिथल्या रेकॉर्डी माझ्या फळीवर आहेत. आपली पोरं फौजेतून जर्मनीला गेली, त्यांच्याबरोबर गाणं गेलं. तिथे बँडच्या तालावर गातात आणि शेवटच्या कडव्यात बाई दार लावून घेते, थंडी आत येते म्हणून. जपानात दार नाहीच, उंबऱ्याशी चपला आतल्या बाजूला तोंड करून ठेवलेल्या असतात, आणि काउबॉय टोपी घातलेला गडी सुरात तुझ्याहून वर चढतो. केनियात आई चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवते, नैरोबीला गेलेल्या मुलासाठी. हे मला कौंटीच्या दवाखान्यातल्या न्यांबुरा नावाच्या नर्सने समजावलं. मी म्हटलं, हे आमच्या व्हर्नाचं गाणं. ती हसून म्हणाली, "काका, हे माझी आजी गाईची धार काढताना म्हणायची. आमचं गाणं तुमच्या लोकांनी कधी उचललं ते सांगा आधी." मी वाद घातला नाही. तिच्या हातात माझे कागद होते.

राहिला फिनलंडचा म्हातारा. त्याच्या गाण्यात बायको होडीत वल्ही तशीच ठेवते, रात्री नवरा पलीकडच्या काठाला आला तर हाक मारायला नको. सगळे तुझ्यासारखे वर जातात, हा एकटा खाली उतरतो. टँगोच्या संथ चालीत, छातीच्या तळातून. गाणं वर चढतं तेव्हा त्यातली बाई जगाला सांगते, खाली उतरतं तेव्हा स्वतःशी बोलते. मला वाटतं, तुझी आई खालच्या सुरातच म्हणाली असती. हल्ली मी तीच एक रेकॉर्ड लावतो. तू लग्न करून ओहायोला गेलीस, मी एस्टरशी केलं, दोघांचंही बरं झालं. एस्टर असती तर म्हणाली असती, "लोवेल, आता फिनलंडच्या म्हाताऱ्यावर जीव जडला की काय? बिचारी व्हर्ना."

तर आता खरं ते सांगतो. दवाखान्यात मी कानांसाठी जातो. वरचे सूर गेले, ते काही परत यायचे नाहीत. खालचे अजून शाबूत आहेत. बायकांचे आवाज आधी जातात म्हणे, म्हणजे ओपल बिचारी नीटच बोलते. बेडकंही गप्प नाहीत, रोज संध्याकाळी ओढा डोक्यावर घेतात असं तीच सांगते. गेल्या आठवड्यात मी तुझी रेकॉर्ड लावली. मागचा जाड बास येतो, गिटार थोडी येते, आणि 'कडी नाही'पाशी तू वर जातेस तिथे कुणीच नसतं. सुई फिरत राहते. ती रेकॉर्ड टेकडीवर लावून मी काय करू, व्हर्ना? बाकीचे ऐकतील, मी त्यांच्या तोंडांकडे बघत बसेन. काल मात्र तळ्याकाठी गेलो होतो. तिथला थोराड बेडूक मला अगदी स्वच्छ ऐकू आला. बराच वेळ बसलो. तेव्हा ये. तुझ्या आईच्या कबरीच्या डाव्या अंगाला माझी खुर्ची मांडून ठेवतो, म्हणजे तू माझ्या उजव्या कानाशी येशील. तो जरा बरा आहे.

पहिल्या रेकॉर्डपासून तुझाच,
लोवेल